दूरचित्रवाणीवरील अपंग स्त्री: ‘ती’पासून ‘आम्ही’पर्यंत

रिॲलिटी शो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कार्यक्रमांचा आरंभ सामान्यतः विसाव्या शतकाच्या अखेरीस मानला जातो. परंतु त्यांतील अपंग स्त्रीच्या चित्रणाचा विचार करावयाचा झाल्यास अभ्यासकाला बरेच मागे जावे लागते. अमेरिकेत ‘क्वीन फॉर अ डे’ हा कार्यक्रम १९४५ साली रेडिओवर सुरू झाला व १९५६ ते १९६४ या काळात तो राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर चालला. जॅक बेली या सूत्रधारापुढे स्त्रिया आपापली विवंचना सांगत. घरातील आजारी वा अपंग माणसासाठी एखादे साधन मिळावे, अशीही मागणी त्यांत असे. मग टाळ्यांचा आवाज यंत्राने मोजला जाई आणि जिच्या दुःखाला अधिक टाळ्या पडत तिच्या मस्तकी मुकुट चढे. दुःखाचे असे मोजमाप करावे आणि तेही राणीपदासाठी, यातील क्रौर्य त्या काळी फारसे कोणास जाणवलेले दिसत नाही.

याहून अधिक बोलका प्रसंग ११ मे १९५५ चा आहे. राल्फ एडवर्ड्स यांच्या ‘धिस इज युवर लाइफ’ या कार्यक्रमात हिरोशिमाचे धर्मोपदेशक कियोशी तानिमोतो यांना आणले गेले. अणुबाँबने भाजून चेहरे विद्रूप झालेल्या वा हात आखडलेल्या पंचवीस जपानी तरुणी शस्त्रक्रियेसाठी त्या महिन्यात अमेरिकेत आल्या होत्या. त्यांपैकी दोघींना पडद्याआड उभे करण्यात आले. प्रेक्षकांना दिसल्या त्या केवळ त्यांच्या छाया. त्यांना संकोच वाटू नये, हे त्याचे कारण देण्यात आले. त्याच कार्यक्रमात, ज्या विमानातून बाँब टाकला गेला त्याचा सहवैमानिक रॉबर्ट लुईस मात्र उघड्या चेहऱ्याने बोलला. कोणाचा चेहरा दाखवावयाचा आणि कोणाचा झाकावयाचा, हा निर्णय दयाबुद्धीने घेतला गेला असेल. तरी तो निर्णयच होता.

येथे भाषेच्या अभ्यासकास एका भेदाची आठवण होणे स्वाभाविक आहे. ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ अशी दोन सर्वनामे मराठीत आहेत. इंग्रजीत दोहोंसाठी एकच शब्द आहे. या मराठी कसोटीवर पाहता, वरील कार्यक्रमांत सूत्रधार आणि प्रेक्षक मिळून ‘आपण’ होतात. अपंग स्त्री त्या वर्तुळाबाहेरची ‘ती’ असते, मग तिला देणगी मिळो वा मुकुट.

पुढे चेहरे उघड झाले, पण मोजमाप टिकले. बीबीसी थ्री वाहिनीने २००८ साली ‘ब्रिटन्स मिसिंग टॉप मॉडेल’ या स्पर्धेत आठ अपंग तरुणींना परीक्षकांपुढे उभे केले. जन्मतःच डावा कोपराखालील हात नसलेली केली नॉक्स विजयी झाली. अमेरिकेतील ‘डान्सिंग विथ द स्टार्स’मध्ये कृत्रिम पाय लावून २००७ साली हेदर मिल्स व २०१४ साली एमी पर्डी नाचल्या. पर्डी अंतिम फेरीत दुसरी आली. नृत्य उत्तम होते, यात शंका नाही. तथापि एकटी अपंग स्त्री सर्वांगांनी धडधाकट स्पर्धकांत उभी राहिली की ती व्यक्ती न राहता उदाहरण होऊन बसते.

‘पुश गर्ल्स’ या मालिकेचे वेगळेपण आमच्या मते येथेच आहे. गे रोझेंथल यांची ही निर्मिती जून २०१२ मध्ये सनडान्स वाहिनीवर आली व दोन पर्वे चालली. अँजेला रॉकवूड, ऑटी एंजल, टिफनी ॲडम्स आणि मिया शायकेविट्झ या लॉस एंजलिसमधील चौघी मैत्रिणी चाकाच्या खुर्चीवर वावरणाऱ्या. मालिकेत परीक्षक नाहीत, मुकुट नाही. एकीला पुन्हा पोहण्याच्या शर्यतीत उतरावयाचे आहे, दुसरीला मूल हवे आहे. यांचे बोलणे बहुतांशी परस्परांशी चालते. ‘आम्ही’ म्हणणाऱ्या त्या, आणि प्रेक्षक बाहेरचा. आता काही समजून घेण्याचे काम त्याचे. चौघी असल्यामुळे कोणी एक चिडली वा चुकली तरी सर्व अपंग स्त्रियांचा निवाडा होत नाही. २०१३ साली या मालिकेला क्रिटिक्स चॉइस पुरस्कार मिळाला, तोही बदकांच्या शिकारीसाठी शिट्या बनविणाऱ्या कुटुंबावरील मालिकेबरोबर विभागून!

तरी मर्यादा सांगितल्या पाहिजेत. अपंगांच्या जगण्यातून धडधाकटांनी स्फूर्ती उपसण्याच्या वृत्तीवर ऑस्ट्रेलियन लेखिका स्टेला यंग यांनी त्याच २०१२ साली प्रखर टीका केली होती. व्यक्तीच्या जिद्दीवर भर देणारी मालिका या टीकेपासून पूर्णतः सुटत नाही. त्या जिद्दीला रस्ता मिळाला तो १९९० च्या अमेरिकन अपंगविषयक कायद्यामुळे. आणि त्यासाठी त्या वर्षीच्या मार्चमध्ये अपंग कार्यकर्ते खुर्च्या सोडून वॉशिंग्टनच्या संसदभवनाच्या पायऱ्या सरपटत चढले होते. शिवाय या चौघींपैकी कोणाचेही अपंगत्व जन्मजात नाही आणि चौघींची वाणी स्पष्ट आहे. कॅमेऱ्यापुढे स्वतःविषयी अस्खलित बोलणे हा या कार्यक्रमप्रकाराचा कणाच होय. मेंदूच्या पक्षाघातामुळे जिचे उच्चार अस्पष्ट आहेत, जिचे वाक्य पुरे होण्यास वेळ लागतो, तिच्यासाठी संकलकाची कात्री किती काळ थांबेल, हा प्रश्न या मालिकेपुढे कधी आलाच नाही.