औषधाची पारख आणि वऱ्हाडचे रुग्ण

एचआयव्हीबाधितांना विषाणुरोधक औषधे मोफत देण्याचा सरकारी उपक्रम 1 एप्रिल 2004 रोजी सुरू झाला आणि मोठ्या शहरांपुरती असलेली ती सोय पुढे अमरावतीच्या इर्विनमध्ये व अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात येऊन पोहोचली, तेव्हा आशा सोडून दिलेली माणसे पुन्हा शेतात कामाला जाऊ लागली, हे उपकार विसरता येणार नाहीत. परंतु त्या काळच्या मिश्रणातील स्टॅव्हुडिन हे औषध, ज्याचा समावेश असलेले तिहेरी मिश्रण मुंबईच्या सिप्लाने 2001 साली वर्षाकाठी साडेतीनशे डॉलरांत देऊ केले होते आणि जे स्वस्ताईमुळेच गरीब मुलखांत पसरले, ते कित्येकांच्या गालांवरची चरबी हिरावून घेई, हातांच्या शिरा दोरीसारख्या वर आणी, तळपायांना मुंग्या आणी आणि क्वचित रक्तात लॅक्टिक आम्ल साचवून जिवावरही बेते. गावात आपला आजार जिवापाड जपणाऱ्या माणसाचे गुपित त्याचा बसलेला चेहराच उघड करी. प्राण्यांवर औषधे पारखणाऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेच्या दप्तरात या यातनेसाठी रकाना नव्हता.

औषध आधी प्राण्यांवर पारखावे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हाफकिन यांनी 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, ती सशांवर अजमावून झाल्यावरच. मात्र प्राण्यांच्या या साक्षीची मर्यादा 1993 साली अमेरिकेत फार मोठी किंमत मोजून कळली. यकृतदाहावरील फियालुरिडिन हे औषध उंदीर, कुत्रे व माकडे यांच्यावरील चाचण्यांत निर्धोक ठरले होते. पण ते घेणाऱ्या 15 रुग्णांपैकी 7 जणांचे यकृत निकामी झाले, 5 दगावले आणि दोघे यकृतप्रत्यारोपणाने वाचले. पुढे खारीच्या कुळातील वुडचक या प्राण्याला तेच औषध आठवडेच्या आठवडे दिल्यावर माणसासारखाच घात दिसून आला. माणसाच्या पेशीतील तंतुकणिकेच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) आवरणावर या औषधाला आत नेणारे वाहक प्रथिन असते, उंदराच्या तंतुकणिकेवर ते नसते, ही उकल त्याहून उशिरा झाली. उलट इंडिनाविर हे एचआयव्हीवरील प्रोटीजरोधक वर्गातील औषध निरोगी उंदरांच्या शरीरात सोडताच त्यांच्या स्नायूंची शर्करा उचलण्याची शक्ती घटली आणि या वर्गातील औषधांनी रुग्णांना मधुमेह का जडतो, याचा उलगडा त्याच मुक्या जिवांनी करून दिला. तेव्हा प्राण्याची साक्ष घ्यावीच. पण कोणत्या प्राण्याची, किती काळ आणि कोणत्या प्रश्नावर, हे ठरविल्याखेरीज निवाडा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्टॅव्हुडिन आता आपल्या केंद्रांतून गेले आहे आणि त्या जागी आलेल्या डोल्युटेग्राव्हिरच्या मिश्रणाने चेहरे शाबूत राहिले आहेत. तथापि त्यानेही काहींचे वजन, तर काहींच्या रक्तातील साखर वाढते. म्हणून एआरटी (विषाणुरोधक उपचार) केंद्रावर जाणाऱ्या वऱ्हाडातील प्रत्येकाने वजनाची व साखरेची नोंद वेळोवेळी करून घ्यावी, फरक जाणवल्यास डॉक्टरांना सांगावे आणि गोळी मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नये.