कोऱ्या कागदावरची सही

कोल्हापूरच्या छत्रपतींची वंशावळ पाहताना एक गोष्ट चटकन ध्यानात येते. बापामागून मुलगा अशी सरळ रेघ तीत फार थोड्या ठिकाणी आहे. १८६६ साली शिवाजी ऊर्फ बाबासाहेब महाराजांनी मृत्यूपूर्वी आपल्या बहिणीच्या मुलास दत्तक घेतले. ते राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात १८७० साली फ्लॉरेन्स येथे निवर्तले. १८७१ साली पुन्हा दत्तक. तेही महाराज १८८३ च्या अखेरीस अहमदनगरच्या किल्ल्यात मृत्यू पावले आणि १७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव आनंदीबाईसाहेबांच्या मांडीवर बसून शाहू महाराज झाले. १९२२ साली शाहूंच्या पोटच्या मुलाकडे गादी आली खरी, पण त्यांच्यामागून १९४२, १९४७ आणि १९६२ अशी आणखी तीन दत्तके झाली. त्यांतील शेवटच्या दत्तकावरून तर सारे शहर रस्त्यावर आले होते. शंभर वर्षांच्या आत सहा दत्तके! त्याही मागे गेल्यास १७६२ साली जिजाबाईंनी घेतलेले दत्तक आहेच. संभाजी महाराजांच्या पश्चात करवीर राज्य तगले ते त्या एका विधीच्या आणि त्या एका बाईच्या बळावर.

जाता जाता एक गंमत नोंदवावीशी वाटते. बहिणीचा मुलगा दत्तक घेणे धर्मशास्त्राने त्रैवर्णिकांना निषिद्ध मानले आहे, शूद्रांना नाही. १८६६ साली ही शंका कोल्हापुरात कोणाला किती बोचली हे बाजूस ठेवू. पण पुढे तेहतीस-चौतीस वर्षांनी याच राजवाड्यात वेदोक्ताचा वाद पेटला, तेव्हा वर्णाचा हा प्रश्न दत्तकाच्या दाराने आधीच घरात येऊन गेलेला होता.

राजघराण्याचे जे, तेच वतनदारांचे, इनामदारांचे आणि चार एकर जमीन बाळगणाऱ्या कुळंब्याचे. मराठी साहित्याच्या अभ्यासकांना तर हे वेगळे सांगायला नको. १९३८ पासून अखेरपर्यंत कोल्हापुरात राहिलेले वि. स. खांडेकर हे जन्माने गणेश आत्माराम. १९१६ साली दत्तक गेल्यावर ते विष्णु सखाराम झाले आणि त्याच नावाने वाङ्मयाच्या इतिहासात राहिले. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचे नावदेखील एका दत्तकविधानाचे फळ असू शकते.

आज इस्टेटीची आधीच व्यवस्था लावून देणारे वकील मृत्युपत्र, बक्षीसपत्र, विश्वस्तपत्र यांची भाषा बोलतात. आपल्या जुन्या व्यवस्थेत ही कामे बव्हंशी दत्तक करीत असे. धर्मशास्त्रात मृत्युपत्राला जागाच नव्हती. मेलेल्या माणसाची इच्छा जिवंतांच्या हक्कांवर चालावी ही कल्पनाच मिताक्षरेच्या एकत्र कुटुंबाला परकी होती. इंग्रजी अमदानीत न्यायालयांनी ती हळूहळू मान्य केली, १८७० च्या हिंदू विल्स ॲक्टने खालचा बंगाल आणि मुंबई-मद्रास शहरांपुरते तिला नियम घातले, आणि ब्रिटिश मुलखातील सर्व हिंदूंच्या मृत्युपत्रांना लेख व साक्षीदार यांची अट लागू व्हायला १ जानेवारी १९२७ हा दिवस उजाडावा लागला. तोवर मुफसल भागात मरणशय्येवर तोंडाने सांगितलेले मृत्युपत्रही कोर्टात टिके. म्हणजे ज्या समाजात इस्टेटीचे भवितव्य ठरे, त्यात निर्णायक क्षणी उरे ती एक विधवा, तिच्या मांडीवरचे मूल आणि तिच्यापुढे धरलेला कागद. तो कागद तिला कोण वाचून दाखवणार, हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात नव्हता.

हाच प्रश्न पुढे आयुष्यभराचा व्यवसाय करणारी बाई कोल्हापूरपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या बेळगावात लहानाची मोठी होत होती. कॉर्नेलिया सोराबजी हे नाव आपल्याकडे ‘पहिली’ या विशेषणापलीकडे फारसे जात नाही. पहिली पदवीधर, पहिली वकील वगैरे. या पहिलेपणाच्या याद्यांनी माणसे झाकली जातात, असे माझे मत आहे. कॉर्नेलियांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिकचा. म्हणजे कोल्हापुरात बाबासाहेब महाराजांचे दत्तक राजाराम गादीवर आले त्याच वर्षीचा. वडील सोराबजी खरसेटजी पारशी धर्म सोडून ख्रिस्ती झालेले, आई फ्रान्सिना पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल काढणारी. बेळगावनंतर घर पुण्याला आले. या कुटुंबाला वारसा लागू होणार तो १८६५ च्या इंडियन सक्सेशन ॲक्टप्रमाणे. हिंदू विधवेचे हक्क, सपिंड, दत्तक, स्त्रीधन यांच्याशी त्यांचा स्वतःचा संबंध शून्य. तरी त्यांचे सारे आयुष्य गेले ते दुसऱ्यांच्या त्याच गुंत्यात.

का, याचे उत्तर त्यांनी स्वतः ‘इंडिया कॉलिंग’ या १९३४ च्या आत्मचरित्रात दिले आहे. त्या लहान असताना पुण्याच्या घरी त्यांच्या आईकडे एक धनवान गुजराती विधवा दाद मागायला आली. विश्वासातल्या कारभाऱ्याने तिची सही घेतली होती आणि त्या सहीच्या जोरावर इस्टेट स्वतःकडे वळवली होती. बाई पडद्यातली. पुरुष वकिलासमोर बसून तिला बोलता येत नव्हते, आणि तिच्या वतीने बाहेर बोलणारा होता तो कारभारीच, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच. आईने मुलीला सांगितले की अशा बायांना मदत करायची तर कायदा शीक. आत्मचरित्रात पोटातले हेतू फार वेळा मागाहून शिवलेले असतात, आणि साहित्याच्या वाचकाने अशा ‘त्या दिवशी मी ठरवले’ छापाच्या प्रसंगांकडे थोडे सावधपणेच पाहावे. पण या प्रसंगात एक तपशील आहे तो बनावट वाटत नाही. मुलीच्या मनावर बिंबले ते त्या बाईचे अश्रू नव्हेत. अडचणीची रचना बिंबली. फसवणुकीला कायद्यात उपाय होता. उपायापर्यंत पोहोचण्याची वाट तेवढी पुरुषांच्या अंगणातून जात होती.

पुढची वाटचाल थोडक्यात सांगतो, कारण ती इतरत्र सहज सापडते. डेक्कन कॉलेजात शेकडो मुलांमध्ये एकटी मुलगी. मुंबई विद्यापीठाच्या पदवी परीक्षेत अव्वल वर्ग. त्या यशाबरोबर मिळणारी विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती केवळ स्त्री म्हणून नाकारलेली. मग इंग्लंडातल्या हितचिंतकांनी, त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या, वर्गणी जमवून १८८९ साली ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये पाठवणी. १८९२ साली त्या बी.सी.एल. परीक्षेस बसल्या. अशी परीक्षा देणारी ती पहिली स्त्री. परीक्षेला बसू देण्यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. पदवी मात्र हातात पडली १९२२ साली, तीस वर्षांनी. परत आल्यावर त्यांनी मुंबईची एल्एल्.बी. केली, अलाहाबादची वकिलीची परीक्षा दिली, पण सनद मिळेना. काठेवाडातल्या आणि इंदूरच्या संस्थानी प्रकरणांत पोलिटिकल एजंटांपुढे त्यांना उभे राहता येई. ब्रिटिश हद्दीत नाही. अलाहाबाद हायकोर्टाने नाव नोंदवले ते १९२१ साली, आणि स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा केंद्रीय कायदा आला १९२३ मध्ये. संस्थानिकांच्या दरबारांत आधुनिक स्त्री-वकिलाला आधी वाव मिळाला, हायकोर्टात उशिरा. आपल्या संस्थानी इतिहासाकडे सरसकट मागास म्हणून पाहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मधली वाट त्यांनी स्वतः खणली. जमीनदारांच्या अज्ञान वारसांच्या आणि विधवांच्या इस्टेटी सरकार कोर्ट ऑफ वॉर्ड्समार्फत सांभाळत असे. या खात्याला पडद्याआड जाऊ शकणारी कायदेतज्ज्ञ स्त्री हवी, असा आग्रह त्यांनी अनेक वर्षे धरला आणि १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे त्यांची नेमणूक झाली. पुढे बिहार, ओरिसा, आसामपर्यंत हद्द वाढली. १९२२ पर्यंत त्यांनी हे काम केले. पडदानशीन स्त्रीने केलेल्या दस्तऐवजाचा फायदा ज्याला मिळतो, त्यानेच तो तिला समजावून सांगितला होता हे सिद्ध करावे, असा दंडक प्रिव्ही कौन्सिलने १९ व्या शतकातच घालून दिला होता. दंडक चांगला, पण समजावून सांगणारा कोण? कॉर्नेलियांनी पालख्या, बोटी, हत्ती अशा मिळेल त्या वाहनाने जाऊन ती जागा भरली. कोणाची पोटगी अडली, कोणाच्या मुलाला विष घालण्याची भीती, कोणाला दत्तकाच्या नावाखाली दिरांनी घेरलेले. त्यांच्या दप्तरात कायदा आणि घरगुती पहारा वेगळे काढता येत नाहीत.

येथे एक फरक सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण तो मराठी मुलखाचा आहे. बंगालात पतीने स्पष्ट अनुज्ञा दिली असेल तरच विधवेला दत्तक घेता येई. मुंबई इलाख्यात, जेथे नीलकंठाच्या ‘व्यवहारमयूखा’ला मान होता, तेथे पतीने मना केले नसेल तर अनुज्ञेची जरूर नव्हती. एकाच स्मृतिवचनाचे हे दोन अर्थ. ती आज्ञा सधवेपुरती, विधवेला लागू नाही, असे मयूखकारांनी ठरवले. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८८० साली मयूखाचे इंग्रजी भाषांतर केले आणि पां. वा. काण्यांनी १९२६ साली त्याची संपादित आवृत्ती काढली, ती निव्वळ विद्येची हौस नव्हती. दोघेही व्यवसायाने वकील होते आणि या पोथीवर घरे-जमिनी फिरत होत्या. कोल्हापुरात आनंदीबाईसाहेब गादीला वारस देऊ शकल्या त्यामागे राजकारण, पोलिटिकल एजंट, इंग्रज सरकारची मान्यता हे सर्व होतेच. पण विधवेने दत्तक घ्यावा हे इथल्या लोकांच्या कानाला खटकत नव्हते, ते या परंपरेमुळे.

पण हे स्वातंत्र्यही दुधारी होते. विधवेने पतीच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी दत्तक घेतला तरी तो मुलगा जणू पतीच्या मृत्युदिनीच जन्मला असे कायदा धरून चाले, आणि मधल्या काळात झालेल्या वाटण्या उलगडल्या जात. १९४३ साली प्रिव्ही कौन्सिलने अनंत विरुद्ध शंकर या पाटील घराण्याच्या दाव्यात ही कल्पना पार टोकाला नेली. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने कांगो घराण्याच्या दाव्यात तिला आवर घातला. १९५६ च्या दत्तक कायद्याने ती संपवली. ज्या बाईला मालमत्ता विकण्याची मुभा नव्हती, जिचा हक्क हयातीपुरता, तिच्या एका विधीत सबंध भाऊबंदकी हलवण्याची ताकद होती. साहजिकच तिच्या मांडीसाठी ओढाताण होई. तिला सल्ला देणारा प्रत्येक जण कोणाचा तरी माणूस असे.

म्हणून कॉर्नेलिया सोराबजींच्या हेतूची किंमत मला मोठी वाटते, आणि त्याची मर्यादाही तेथेच दिसते. त्यांना विधवेचा कागद सुरक्षित करायचा होता. कागद ज्या व्यवस्थेतून निघतो ती बदलायची नव्हती. पडद्यातल्या स्त्रिया त्यांना जिव्हाळ्याच्या होत्या, पडदा उठवण्याची घाई त्यांना नव्हती. राष्ट्रीय चळवळीला त्यांनी विरोध केला, कॅथरिन मेयोच्या १९२७ च्या ‘मदर इंडिया’ची बाजू घेतली आणि त्यापायी कलकत्त्यातली उरलीसुरली वकिलीही गमावली. ६ जुलै १९५४ रोजी त्या लंडनमध्ये वारल्या. त्यानंतर दोन वर्षांच्या आत हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेच्या हयातीपुरत्या हक्काचे पूर्ण मालकीत रूपांतर केले. ज्या अडचणीवर त्यांनी आयुष्य वेचले तिचे मूळ कायदेमंडळाने एका कलमात उपटले, आणि ते ज्यांनी उपटले त्यांच्या राजकारणाशी त्यांचे कधीच जमले नव्हते.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी दुसरी वाट धरली होती. १९२० सालच्या कायद्याने त्यांनी जोगतिणी आणि अनौरस संतती यांच्या वारसाहक्काला हात घातला. त्याआधी, १९१८ साली धाकटे पुत्र प्रिन्स शिवाजी शिकारीच्या अपघातात गेले, तेव्हा सून इंदुमतीदेवी जेमतेम बारा वर्षांच्या होत्या. राजवाड्यातल्या प्रथेप्रमाणे गोषा आणि सोवळे हेच त्यांचे पुढचे आयुष्य ठरले असते. महाराजांनी त्यांना शहराबाहेर सोनतळीला ठेवून इंग्रजी शिक्षणाची व्यवस्था केली. घरातून झालेला विरोध त्यांनी जुमानला नाही. विधवेला कागद वाचून दाखवणारी बाई नेमण्याऐवजी तिलाच वाचायला शिकवणे, असा हा मार्ग. दोन्ही मार्गांची तुलना करताना एवढे मात्र विसरू नये की सुनेला शिकवायला सासरा राजा असावा लागला. कॉर्नेलियांच्या अशिलांना असा सासरा नव्हता, उलट सासरेच बहुधा प्रतिवादी होते.

महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध वाटा दिला. तेव्हापासून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एका जुन्याच दस्ताचे महत्त्व वाढले आहे: हक्कसोडपत्र. माहेर तुटू नये म्हणून बहिणी भावांच्या नावे सही करून देतात. त्या साक्षर असतात, पुष्कळ जणी पदवीधर, शिक्षिकाही असतात. कागद बहुधा भावाच्या वकिलाने तयार केलेला असतो, आणि बहिणीचा वकील कोण, असे तेथे कोणी विचारत नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात भरू लागले आहे. वाटणीची, दत्तकाची, मृत्युपत्राची जी अपिले सहा जिल्ह्यांतून मुंबईला जात, ती आता याच शहरात चालतील. आणि त्यांतल्या काहींत तरी ‘मला तो दस्त समजावून सांगितला नव्हता’ असे म्हणणारी एक बहीण असेल.