वस्तादाचा राखलेला डाव: वय झालेले बॉक्सर तरुण दावेदारांना कसे हरवतात?

तालमीत एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. वस्ताद पठ्ठ्याला सगळे डाव शिकवतो, पण एक डाव स्वतःजवळ राखून ठेवतो. पठ्ठ्या अंगात रग आली म्हणून वस्तादालाच आव्हान देतो आणि त्या राखलेल्या डावावर चीत होतो.

गोष्ट म्हणून हे ठीक आहे. पण खऱ्या लढतीत चाळिशीकडे झुकलेला किंवा चाळिशी ओलांडलेला खेळाडू पंचविशीतल्या, सगळ्यांनी आधीच विजेता ठरवलेल्या प्रतिस्पर्ध्याला हरवू शकतो का? बॉक्सिंगच्या इतिहासात असं अनेकदा घडलं आहे. त्यामागे चमत्कार नसतो, काही ठोस कारणं असतात.

४५ वर्षांचा जगज्जेता

सर्वात गाजलेलं उदाहरण जॉर्ज फोरमन यांचं. १९७३ मध्ये ते पहिल्यांदा हेवीवेट जगज्जेते झाले. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासा इथे मुहम्मद अली यांनी त्यांना हरवलं. गंमत म्हणजे त्या रात्री २५ वर्षांचे फोरमन तरुण दावेदार होते आणि ३२ वर्षांचे अली 'आता संपले' असं मानलं जात होतं.

१९७७ मध्ये फोरमन यांनी खेळ सोडला आणि ते धर्मोपदेशक झाले. दहा वर्षांनी, १९८७ मध्ये, ते वाढलेल्या वजनासह रिंगमध्ये परतले. लोक हसले. १९९१ मध्ये इव्हँडर होलिफिल्डकडून आणि १९९३ मध्ये टॉमी मॉरिसनकडून ते गुणांवर हरले.

५ नोव्हेंबर १९९४ रोजी लास वेगासमध्ये त्यांच्यासमोर मायकल मूरर होता. वय २६, जगज्जेता, ३५ पैकी एकही लढत न हरलेला. पहिल्या नऊ फेऱ्या बहुतेक मूररच्याच होत्या आणि तिन्ही पंचांच्या गुणपत्रिकेवर फोरमन मागे होते. दहाव्या फेरीत त्यांच्या उजव्या हाताचा सरळ ठोसा मूररच्या हनुवटीवर बसला आणि पंचांनी दहा आकडे मोजेपर्यंत मूरर उठला नाही. किन्शासात पट्टा गमावल्यानंतर २० वर्षांनी फोरमन पुन्हा जगज्जेते झाले. त्या रात्री त्यांनी चड्डीही १९७४ च्या लढतीतलीच घातली होती.

हे एकदाच घडलं का?

नाही. १८ जुलै १९५१ रोजी ३७ वर्षांच्या जर्सी जो वॉलकॉटने ३० वर्षांच्या एझार्ड चार्ल्सला सातव्या फेरीत बाद केलं. त्याआधी वॉलकॉट जगज्जेतेपदाच्या चार लढती हरला होता. त्यातल्या दोन खुद्द चार्ल्सकडूनच.

बर्नार्ड हॉपकिन्सने तर ही सवयच करून घेतली. २९ सप्टेंबर २००१ रोजी ३६ वर्षांच्या हॉपकिन्ससमोर २८ वर्षांचा, तोवर अपराजित फेलिक्स त्रिनिदाद होता. बहुतेकांचा कौल त्रिनिदादला होता. बाराव्या फेरीत लढत थांबली ती हॉपकिन्सच्या बाजूने. २००८ मध्ये, ४३ व्या वर्षी, त्याने २६ वर्षांच्या अपराजित केली पावलिकला बारा फेऱ्या अक्षरशः शिकवणी दिली. मे २०११ मध्ये माँट्रियल इथे जाँ पास्कलला हरवून ४६ व्या वर्षी तो जगज्जेता झाला आणि फोरमनचा सर्वात वयस्क जगज्जेत्याचा विक्रम मोडला.

भारतातलं उदाहरण कोणतं?

मेरी कोम. नोव्हेंबर २०१८ मध्ये नवी दिल्लीत, ३५ व्या वर्षी, तीन मुलांची आई असताना तिने २२ वर्षांच्या हॅना ओखोटाला ५-० ने हरवून सहावं जागतिक सुवर्ण मिळवलं. तिथे मेरीच दावेदार होती, त्यामुळे तो उलटफेर नव्हता. पण सुमारे तेरा वर्षांचं अंतर कसं भरून काढायचं, याचा तो धडा होता.

डिसेंबर २०१९ मध्ये ऑलिम्पिक पात्रता स्पर्धेच्या संघासाठी निवड चाचणी झाली. २३ वर्षांच्या निखत झरीनने जाहीरपणे या चाचणीची मागणी केली होती. मेरीने ती ९-१ अशी जिंकली. पण गोष्ट तिथे संपत नाही. २०२२ मध्ये निखत स्वतः जगज्जेती झाली. वय हरत नाही, फक्त थोडा वेळ थांबतं.

वयानुसार नेमकं काय कमी होतं?

तिशीनंतर प्रतिसादाचा वेग, पायांची चपळाई आणि दम हळूहळू उतरू लागतो. दुखापत भरून यायला जास्त दिवस लागतात. ठोशातली ताकद मात्र बरीच टिकते. म्हणूनच बॉक्सिंगमध्ये म्हणतात की, वेग आधी जातो, ताकद सर्वात शेवटी.

मग जिंकतात कशाच्या जोरावर?

१. अंदाज. अनुभवी बॉक्सर ठोसा आल्यावर हलत नाही. समोरच्याचा खांदा, कंबर आणि पाय बघून ठोसा निघण्याआधीच तो जागा सोडतो. त्यामुळे कमी झालेला वेग झाकला जातो.

२. अंतर. तरुण रिंगभर फिरतो, मुरलेला बॉक्सर मोजकी पावलं टाकतो. अर्धं पाऊल मागे गेलं की ठोसा चुकतो आणि चुकलेला ठोसा मारणाऱ्यालाच दमवतो.

३. लढतीची गती. व्यावसायिक जगज्जेतेपदाच्या लढतीत तीन-तीन मिनिटांच्या बारा फेऱ्या असतात. कुठे मिठी मारून श्वास घ्यायचा आणि फेरीच्या कोणत्या क्षणी जोर लावायचा, हे अनुभवाने कळतं. हॉपकिन्स यात पटाईत होता.

४. सापळा. फोरमन नऊ फेऱ्या मुख्यतः डाव्या हाताचे ठोसे पेरत राहिले. मूरर डावखुरा होता आणि अशा बॉक्सरविरुद्ध उजव्या हाताचा सरळ ठोसा प्रभावी ठरतो. पुढे आहोत या समजुतीत मूरर समोरच उभा राहिला आणि तेवढंच फोरमनना हवं होतं.

५. 'दावेदार' या शब्दातली गफलत. दावेदार कोण, हे प्रेक्षक आणि सट्टेबाजार ठरवतात. अपराजित तरुणाच्या आधीच्या लढती बघून तो अजिंक्य वाटतो. पण झटपट विजय मिळवलेल्या खेळाडूला नवव्या-दहाव्या फेरीतल्या अडचणीची सवयच नसते.

कुस्तीत असं होतं का?

घोटी-इगतपुरीच्या पट्ट्यात बॉक्सिंगपेक्षा कुस्ती जवळची. कळसूबाईच्या पलीकडच्या अकोले तालुक्यातला, नाशिकजवळच्या भगूरमध्ये घडलेला हर्षवर्धन सदगीर जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्र केसरी झाला, तेव्हापासून या भागात गदेची चर्चा जास्तच रंगते.

मराठी कुस्तीत या विषयाच्या जवळ जाणारी लढत म्हणजे १९७७ ची बेळगावची हरिश्चंद्र बिराजदार विरुद्ध सतपाल ही कुस्ती. दिल्लीचे सतपाल विशीतले, धिप्पाड आणि देशभर दबदबा असलेले. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी आणि सतपाल यांच्यापेक्षा सुमारे पाच वर्षांनी मोठे. बिराजदारांनी सतपाल यांना आस्मान दाखवलं आणि जुनेजाणते कुस्तीशौकीन आजही त्या कुस्तीबद्दल बोलतात. पुढे बिराजदार स्वतः वस्ताद झाले आणि त्यांच्या हाताखाली मल्लांची नवी पिढी तयार झाली.

कुस्तीत वयाचं गणित मैदानावर अवलंबून असतं. मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या दोन डावांत संपते, तिथे वेगाला भाव जास्त. जत्रेतल्या निकाली कुस्तीत मात्र दम राखून खडाखडी करणाऱ्या आणि समोरच्याच्या चुकीची वाट बघणाऱ्या मल्लाला संधी मिळते.

दुसरी बाजू

अशा विजयांचे व्हिडिओ सोशल मीडियावर फिरतात, पराभवांचे कमी फिरतात. ऑक्टोबर १९५१ मध्ये ३७ वर्षांच्या जो लुईसला २८ वर्षांच्या रॉकी मार्सियानोने आठव्या फेरीत रिंगच्या दोऱ्यांबाहेर फेकलं. ऑक्टोबर १९८० मध्ये ३८ वर्षांचे अली लॅरी होम्ससमोर दहा फेऱ्या मार खात राहिले. शेवटी त्यांच्या कोपऱ्यानेच लढत थांबवली. चार वर्षांनी अलींना पार्किन्सन्सच्या लक्षणांचं निदान झालं. हॉपकिन्सचीही शेवटची लढत, ५१ व्या वर्षी, रिंगबाहेर पडून संपली.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ५८ वर्षांचा माइक टायसन २७ वर्षांच्या जेक पॉलसमोर उतरला. फेऱ्या दोन मिनिटांच्याच आणि आठच ठेवल्या होत्या, तरी पहिल्या काही मिनिटांनंतर त्याचे पाय जड झाले आणि तो गुणांवर हरला.

डोक्यावर बसलेल्या ठोशांचा परिणाम साठत जातो. ऑलिम्पिक पद्धतीच्या बॉक्सिंगमध्ये ४० वर्षांची वयोमर्यादा आहे, त्यामुळे मेरी कोमला इच्छा असूनही पुढे खेळता आलं नाही. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये अशी एकच सर्वमान्य मर्यादा नाही. तिथे परवाना देणारी मंडळं वैद्यकीय तपासणीवर निर्णय घेतात.

पुढची लढत बघताना काय बघायचं?

फक्त वयाचा आकडा बघू नका. वयस्क खेळाडू सलग सरावात आहे की बऱ्याच वर्षांनी परतला आहे? त्याने आजवर किती मार खाल्ला आहे? तरुण खेळाडू कधी शेवटच्या फेऱ्यांपर्यंत गेला आहे का? फोरमन १९९४ च्या त्या रात्रीआधी सात वर्षं पुन्हा सातत्याने लढत होते. हॉपकिन्स शिस्तीसाठी ओळखला जायचा, तो वजन कधी सुटू देत नसे.

वस्तादाचा राखलेला डाव गुपित नसतो. तो रोजच्या सरावातून टिकवलेला असतो. सराव सुटला की तो डावही जातो आणि मग समोर उभी राहते ती फक्त तरुण पोराची रग.