संगणक सुरूच होत नसे, तेव्हा : टिफ्रॅकची गोष्ट

१/ बटण दाबूनही पडदा काळाच राहिला, तर आज आपण दुरुस्तीच्या दुकानाकडे वळतो. देशात असे दुकानच नव्हते, तेव्हा काय करीत असत?

२/ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या चमूने स्वतः आखून संगणक उभारला. १९६० मध्ये तो कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले.

३/ त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. तंतू तापल्याखेरीज नलिका चालत नाही. आणि थंड तंतू एकाएकी तापताना तुटण्याचे भय मोठे. यंत्र सुरू होण्याचा क्षण हाच बिघाडाचा क्षण! म्हणूनच अमेरिकेतील ‘एनिॲक’ शक्यतो बंदच करीत नसत.

४/ मुंबईच्या चमूने १९५६ मध्ये आधी लहान प्रायोगिक यंत्र चालवून पाहिले होते. लहान यंत्रातील दोष लवकर सापडतो. शिवाय मदतीला धावणारा कोणी उत्पादक नव्हता. ज्यांनी जोडले, त्यांनीच उलगडायचे.

५/ १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये ही चौकशी यंत्राकडेच सोपवलेली दिसते. सुरू होताच ते प्रोसेसर, स्मृती, पडदा तपासते आणि अडले तर ठरावीक ‘बीप’ वाजवते.

६/ म्हणून भंडाऱ्यातील एखाद्या शाळेत संगणक अडला, तर प्रथम वीजजोडणी पाहावी, मग ‘बीप’ मोजावेत, मग रॅम काढून नीट बसवावी. एकेक भाग वेगळा करून दोष शोधण्याची ती जुनीच रीत आहे.