प्लग संगणक : शीवाप्लग विकास संचाची उभारणी आणि घरगुती सर्व्हरच्या कल्पनेचा इतिहास

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासलेखनात यंत्राची गती, स्मृतीची क्षमता आणि किंमत यांच्या नोंदी आवर्जून केल्या जातात. यंत्र हाती आल्यानंतर ते कामास लावण्यासाठी वापरकर्त्यास कोणते श्रम करावे लागले, याची नोंद मात्र क्वचितच आढळते. वस्तुतः एखादे तंत्रज्ञान समाजातील कोणत्या थरापर्यंत पोहोचले आणि कोठे थांबले, याचे उत्तर बहुधा या दुसऱ्या नोंदीतच दडलेले असते. फेब्रुवारी २००९ मध्ये अमेरिकेतील मार्व्हेल या कंपनीने जाहीर केलेला 'शीवाप्लग' हा विकास संच या दृष्टीने अभ्यसनीय आहे. भिंतीवरील विजेच्या खोबणीत थेट बसणारा, मोबाइलच्या मोठ्या चार्जरसारखा दिसणारा हा लिनक्स संगणक ९९ डॉलर किमतीस उपलब्ध झाला. प्रत्येक घरात स्वतःचा सर्व्हर असावा, ही आकांक्षा त्याच्याशी जोडली गेली. ती आकांक्षा कितपत पूर्ण झाली आणि हे यंत्र अपेक्षेपेक्षा अधिक काळ का टिकले, या दोन प्रश्नांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पार्श्वभूमी

घरात अखंड चालू राहणारा लहान संगणक ही कल्पना शीवाप्लगपूर्वीची आहे. २००४ मध्ये लिंक्सिस कंपनीने 'एनएसएलयू-२' हे उपकरण बाजारात आणले. यूएसबी हार्ड डिस्क घरातील नेटवर्कला जोडणे एवढाच त्याचा घोषित उपयोग होता. परंतु त्याच्या आत लिनक्स आहे हे लक्षात येताच हौशी तंत्रज्ञांनी त्याची मूळ आज्ञावली काढून स्वतःची आज्ञावली बसविली. त्यात स्मृती अवघी ३२ मेगाबाइट होती. कोठलाही नेहमीचा सर्व्हर त्यावर रडतखडतच चालत असे. तरीही या उपकरणाने दोन गोष्टी सिद्ध केल्या. कमी वीज खाणाऱ्या लहान संगणकास मागणी आहे, आणि तो उघडून पाहण्याची तयारी असलेला एक वर्गही आहे.

दुसरीकडे आर्म रचनेचे प्रोसेसर मोबाइल फोनच्या निमित्ताने वेगाने प्रगत होत होते. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या मार्व्हेलने २००६ मध्ये इंटेलचा मोबाइल प्रोसेसरांचा व्यवसाय ६० कोटी डॉलरला विकत घेतला होता. कंपनीपाशी आर्म रचनेवर आधारित स्वतःचे प्रोसेसर घडविण्याचा परवानाही होता. त्यातून 'शीवा' हे गाभे आणि नेटवर्क उपकरणांसाठीची 'किर्कवुड' ही चिपमालिका पुढे आली. या चिपांसाठी नवी बाजारपेठ शोधणे हा शीवाप्लगमागील व्यावसायिक हेतू होता. 'विकास संच' हे नावच ते स्पष्ट करते. कंपनीला अपेक्षित ग्राहक गृहस्थ नव्हता. या नमुन्यावरून स्वतःचे उत्पादन तयार करणारे उद्योजक आणि आज्ञावलीकार तिला अभिप्रेत होते. संचाचे उत्पादन व विक्री ग्लोबलस्केल टेक्नॉलॉजीज या कंपनीकडे होती.

संचाची रचना

संचात १.२ गिगाहर्ट्‌झ गतीचा प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट कार्यकारी स्मृती आणि तेवढीच फ्लॅश साठवण होती. एक गिगाबिट इथरनेट जोडणी, एक यूएसबी जोडणी आणि एसडी कार्डाची खाच एवढ्यावर बाह्य सोयी संपत. पडदा, कळफलक किंवा माउस जोडण्याची व्यवस्था नव्हती. विजेचा वापर साधारण पाच वॅटच्या आसपास होता. या हिशेबाने वर्षभर अखंड चालविल्यास सुमारे ४४ युनिट वीज लागते. शंभर वॅट घेणारा मेजावरील संगणक त्याच काळात ८७६ युनिट वीज घेतो. घरगुती सर्व्हरच्या कल्पनेस आर्थिक आधार मिळाला तो या फरकामुळे.

इतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची जोडणी मात्र एका लहान मिनी-यूएसबी छिद्रात होती. या छिद्रातून संगणकाचे क्रमिक नियंत्रण आणि 'जेटॅग' ही दुरुस्तीची वाट, अशा दोन्ही गोष्टी एकाच तारेने उपलब्ध होत. बाजारातील तयार उपकरणांमध्ये अशा वाटा सहसा आवरणाच्या आत लपविलेल्या असत. येथे ती वाट आवरणावरच ठेवलेली होती.

उभारणीची प्रक्रिया

शीवाप्लग सुरू करणे म्हणजे तो खोबणीत बसवून नेटवर्कची तार जोडणे, एवढे वरवर पाहता पुरेसे होते. आतमध्ये उबंटू लिनक्सची ९.०४ ही आवृत्ती आधीच बसविलेली असे. यंत्राला राउटरकडून पत्ता मिळे आणि दुसऱ्या संगणकावरून त्यात प्रवेश करता येई. परंतु मिळालेला पत्ता कोणता हे दाखविणारा पडदा यंत्रास नव्हता. तो राउटरच्या यादीत शोधावा लागे, किंवा क्रमिक तारेचा आश्रय घ्यावा लागे. शिवाय मुख्य व्यवस्थापकाचा संकेतशब्द सर्व संचांत एकच होता आणि तो जाहीर होता. तो न बदलता यंत्र इंटरनेटला जोडणे म्हणजे घराच्या दाराला सर्वांना ठाऊक असलेली किल्ली लावण्यासारखे होते.

क्रमिक तार जोडल्यावर यजमान संगणकास ती ओळखता यावी म्हणून योग्य ड्रायव्हर आवश्यक असे. काही लिनक्स संगणकांवर ड्रायव्हरला या उपकरणाचे क्रमांक हाताने सांगावे लागत. त्यानंतर टर्मिनल आज्ञावलीत ११५२०० ही गती निवडल्यावर यंत्राचा पहिला मजकूर दिसू लागे. एका तारेतून दोन वाटा निघत असल्यामुळे यजमान संगणकावर दोन जोडण्या दिसत. त्यांपैकी चुकीची निवडल्यास पडदा कोराच राही. नवख्या वापरकर्त्याचा पहिला पराभव बहुधा या टप्प्यावर होई.

आत प्रवेश मिळाल्यावर दुसरी अडचण उभी राहत असे. फ्लॅश साठवणीवर वारंवार लेखन होऊ नये म्हणून काही निर्देशिका तात्पुरत्या स्मृतीत ठेवल्या होत्या. परिणामी नवी आज्ञावली बसविण्यासाठी लागणारी एक निर्देशिकाच प्रारंभी अस्तित्वात नसे आणि बसविण्याची आज्ञा अयशस्वी ठरे. उपाय एका ओळीचा होता. पण ती निर्देशिका हाताने तयार करावी लागते हे आधी कळणे आवश्यक होते.

खरी परीक्षा दुसरी कार्यप्रणाली बसविताना होत असे. यंत्र सुरू होताच प्रथम 'यू-बूट' ही प्रारंभक आज्ञावली चालते. तिचे काही क्षणांचे उलट मोजणे चालू असताना कळ दाबल्यास नियंत्रण वापरकर्त्याच्या हाती येते. मूळ यू-बूट आवृत्ती मार्व्हेलच्या स्वतःच्या कर्नेलसाठी जुळविलेली होती. सर्वसाधारण लिनक्स कर्नेल चालविण्यासाठी तसे तिला स्पष्ट सांगावे लागे, तसेच शीवाप्लगला दिलेला २०९७ हा यंत्रक्रमांक नोंदवावा लागे. हा क्रमांक चुकला तर कर्नेलला आपण कोणत्या मंडलावर चालत आहोत हे उमगत नसे. डेबियन बसविण्यासाठी तर प्रथम यू-बूटचीच नवी आवृत्ती चढविणे इष्ट होते. त्यानंतर कर्नेल आणि प्रारंभिक फाइलसंच नेटवर्कवरून किंवा यूएसबी साठवणीतून स्मृतीत आणून बसविण्याची प्रक्रिया सुरू करावयाची असे. आतील फ्लॅशवर डेबियनच्या इन्स्टॉलरद्वारे कार्यप्रणाली बसविता येत नसल्याने एसडी कार्ड किंवा यूएसबी डिस्क वापरावी लागे.

यू-बूट बदलताना वीज गेली अथवा चुकीची फाइल लिहिली गेली, तर सामान्य उपकरण कायमचे निकामी होते. शीवाप्लगमध्ये जेटॅगची वाट उघडी असल्याने 'ओपनओसीडी' या मुक्त आज्ञावलीच्या साहाय्याने त्याच तारेतून यू-बूट पुन्हा बसविता येत असे. अर्थात चूक करण्याची मोकळीक हीसुद्धा या संचाची एक सोय होती. शिकणाऱ्याच्या दृष्टीने तिचे मूल्य गतीपेक्षा किंवा स्मृतीपेक्षा कमी नव्हते.

आज्ञावलीचा आधार आणि यंत्राचे आयुष्य

शीवाप्लगचा प्रोसेसर आर्म रचनेच्या पाचव्या आवृत्तीचा होता. ही तांत्रिक बाब पुढे निर्णायक ठरली. एप्रिल २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उबंटू ९.०४ ने त्या रचनेस आधार दिला होता. ऑक्टोबर २००९ च्या ९.१० आवृत्तीसाठी सहावी आवृत्ती आवश्यक ठरली आणि एप्रिल २०१० च्या १०.०४ साठी सातवी. संच जाहीर होऊन वर्षही झाले नव्हते, तोच त्यासोबत आलेल्या कार्यप्रणालीचा पुढील मार्ग बंद झाला. ऑक्टोबर २०१० मध्ये ९.०४ ची सुरक्षाविषयक दुरुस्तीही थांबली. यंत्र सुस्थितीत होते. त्याचे विद्युत मंडल बदलले नव्हते. तरीही इंटरनेटला जोडलेला सर्व्हर म्हणून, मूळ स्थितीत, ते वापरण्यास अयोग्य झाले.

त्यास दुसरे आयुष्य मिळाले ते डेबियन या स्वयंसेवी प्रकल्पामुळे. मार्टिन मिख्लमायर यांनी शीवाप्लगवर डेबियन बसविण्याची पद्धत सिद्ध करून तिचे तपशीलवार मार्गदर्शन उपलब्ध केले. फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या डेबियनच्या सहाव्या आवृत्तीत हे यंत्र अधिकृतपणे आधार असलेल्या यंत्रांत होते. किर्कवुड चिपांचा आधार मूळ लिनक्स कर्नेलमध्ये समाविष्ट झालेला असल्याने तो एका कंपनीच्या इच्छेवर अवलंबून राहिला नाही. पुढे कर्नेलमधील आर्म विभागाची पुनर्रचना होऊन यंत्रक्रमांकाची जागा 'डिव्हाइस ट्री' या वर्णनपद्धतीने घेतली, तेव्हा शीवाप्लगचेही वर्णन त्या पद्धतीत लिहिले गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियनची तेरावी आवृत्ती आली, त्या वेळी या जुन्या आर्म प्रकारासाठीचा इन्स्टॉलर बंद झाला. व्यापारी वितरणाने काही महिन्यांत सोडलेले यंत्र स्वयंसेवकांनी दीड दशकाच्या आसपास सांभाळले, असा याचा अर्थ होतो.

घरगुती सर्व्हरची आकांक्षा

५ फेब्रुवारी २०१० रोजी कोलंबिया विद्यापीठातील विधी प्राध्यापक एबेन मोग्लेन यांनी न्यूयॉर्क येथे दिलेल्या व्याख्यानात या लहान यंत्रांना व्यापक सामाजिक अर्थ दिला. लोकांची पत्रे, छायाचित्रे आणि परस्परसंबंधांच्या नोंदी मोजक्या कंपन्यांच्या सर्व्हरवर एकवटत आहेत. त्याऐवजी प्रत्येकाचा सर्व्हर त्याच्या घरातील भिंतीवर असावा, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. या विचारातून २०११ मध्ये फ्रीडमबॉक्स फाउंडेशन स्थापन झाले. साठ हजार डॉलरचे उद्दिष्ट ठेवून केलेल्या आवाहनास ऐंशी हजारांहून अधिक डॉलरचा प्रतिसाद मिळाला. प्रारंभिक यंत्र म्हणून शीवाप्लगच्याच कुळातील 'ड्रीमप्लग' निवडला गेला.

मात्र याच काळात प्लग संगणकाचे दुसरे रूपही बाजारात होते. शीवाप्लगच्या नमुन्यावर बेतलेला 'पोगोप्लग' गृहस्थांसाठी होता. तो जोडणे अत्यंत सोपे होते. घरातील डिस्क बाहेरून पाहण्यासाठी मात्र कंपनीच्या संकेतस्थळाची मध्यस्थी लागत असे. उभारणीचा त्रास टळला, पण त्याबरोबर नियंत्रणाचा काही भागही कंपनीकडे गेला. २०१० मधील 'गुरुप्लग' मध्ये जोडण्या वाढल्या. दोन गिगाबिट जोडण्यांच्या प्रकारात अतितापाची समस्या उद्भवली आणि पंखा बसवावा लागला. क्रमिक व जेटॅग जोडणीसाठी आता वेगळा जोड विकत घ्यावा लागे. मूळ संचातील सर्वांत उपयुक्त वाट अशा रीतीने आवरणाबाहेरची वस्तू झाली.

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय ३५ डॉलरला विक्रीस आला. त्यास पडदा आणि कळफलक जोडता येत होता आणि कार्यप्रणाली एसडी कार्डावर असल्याने बिघडलेली उभारणी कार्ड पुन्हा लिहून दुरुस्त होत असे. शीवाप्लगमध्ये तार, यू-बूट आणि जेटॅग यांच्या साहाय्याने मिळणारी चूक करण्याची मोकळीक येथे सामान्य विद्यार्थ्याच्या आवाक्यात आली. त्यानंतर प्लग संगणकाचा बाजार क्षीण होत गेला.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, घरगुती सर्व्हरच्या प्रसारातील अडथळा केवळ किमतीचा किंवा विजेचा नव्हता. ते दोन्ही प्रश्न २००९ मध्येच बहुतांशी सुटले होते. अडथळा उभारणीच्या ज्ञानाचा होता. ते ज्ञान वगळून यंत्र सोपे करण्याचा एक मार्ग वापरकर्त्यास पुन्हा कंपनीच्या सर्व्हरकडे घेऊन गेला. दुसरा निष्कर्ष असा की, यंत्राचे आयुष्य त्याच्या धातूवर व प्लास्टिकवर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक त्याची आज्ञावली कोण सांभाळतो यावर असते. शीवाप्लग टिकला तो त्याची आज्ञावली खुली होती आणि तिच्यात शिरण्याची वाट बाहेर ठेवलेली होती म्हणून.

महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत दर काही वर्षांनी संगणक 'कालबाह्य' ठरवून बाद केले जातात. त्यांपैकी किती खरोखर निकामी झालेले असतात आणि किती केवळ आधाराविना सोडलेले असतात, हा प्रश्न खरेदी समितीपुढे निविदेच्या वेळीच यावयास हवा. मूळ कर्नेलमध्ये आधार आहे काय, प्रारंभक बदलता येतो काय आणि बिघडल्यास परत येण्याची वाट आहे काय, या तीन गोष्टी गती व स्मृती यांच्या रकान्याशेजारी नोंदविल्या गेल्यास यंत्र किती वर्षे कामास येईल याचा अंदाज खरेदीपूर्वीच बांधता येईल.