कोंबडीवाचून अंडी उबविण्याची विद्या

खुडूक कोंबडीवाचून पिले काढण्याच्या विद्येचा जनक म्हणून रेओम्यूर या फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव कित्येकदा घेतले जाते. ते यथार्थ नव्हे. ईजिप्तमध्ये अंडी उकिरड्यात पुरून उबवितात, असे इ. स. पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने लिहून ठेविले आहे. पुढे तेथे विटांच्या भट्ट्या झाल्या. अंडे पापणीस लावून भट्टीवाला उष्णता अजमावी.

रोममधील दाखला तर निव्वळ घरगुती आहे. टायबेरियसच्या वेळी (जन्म इ. स. पूर्व ४२) गरोदर असलेल्या लिव्हियाने, पुत्र होईल की कन्या हे जाणण्यासाठी, एक अंडे उराशी धरून उबविले, ते दूर करणे भाग पडे तेव्हा ती ते दाईच्या उराशी देई, असे प्लिनी सांगतो. दासींनी ते आळीपाळीने हातांत धरले, असे स्वेटोनियसचे म्हणणे. नर पिलू निघाले! शकुनाची कथा खरी मानण्याचे कारण नाही; परंतु एकवीस दिवस ऊब खंडता कामा नये, हे मर्म त्या घरातील स्त्रियांस ठाऊक होते, हे तीवरून दिसते.

मग रेओम्यूरने नवे काय केले? घोड्यांच्या लिदीत पुरलेल्या पिंपांत त्याने अंडी ठेविली आणि शेजारी तापमापक. त्याचा ग्रंथ १७४९ चा. पापणीचे ज्ञान पिढीजात राहिले होते. अंक मात्र कोणासही लिहून पाठविता येत होता. ईजिप्तने पिरॅमिडांहून या भट्ट्यांचाच अधिक अभिमान धरावा, असे मात्र खुद्द रेओम्यूरचेच मत होते.