संचमान्यता (प्राथमिक शाळा)

शाळेच्या पटावरून तिला किती शिक्षकांची पदे द्यायची, हे दरवर्षी ठरवण्याची महाराष्ट्रातील प्रशासकीय प्रक्रिया. ३० सप्टेंबरचा पट आधारभूत धरला जातो. अलीकडे यू-डायस व सरल प्रणालींतील नोंदींवरून, आधार पडताळणी झालेले विद्यार्थी मोजून, मान्यता निघते. मंजूर पदांपेक्षा शिक्षक जास्त असल्यास कनिष्ठ शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरून त्याचे अन्यत्र समायोजन होते.

प्रमाण : बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ (अंमल १ एप्रिल २०१०) याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी ६० पटापर्यंत २, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४ आणि १२१ ते २०० ला ५ शिक्षक आहेत. १५० च्या वर स्वतंत्र मुख्याध्यापक मिळतो. २०० च्या पुढे दर शिक्षकामागे विद्यार्थी ४० पेक्षा जास्त नसावेत. सहावी ते आठवीला वर्गागणिक किमान एक व ३५ मुलांमागे एक शिक्षक. भाषा, विज्ञान-गणित व सामाजिक शास्त्रे यांना प्रत्येकी एक.

ही अनुसूची डोकी मोजते, इयत्ता मोजत नाही. पट ५८ असला की पाच इयत्तांना दोन शिक्षक. बहुधा एकाकडे पहिली-दुसरी आणि दुसऱ्याकडे तिसरी ते पाचवी. त्यांतलाच एक प्रभारी मुख्याध्यापक असतो. केंद्रशाळेची बैठक, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती त्याच्याच गळ्यात. तो तालुक्याला गेला की पाचही इयत्ता एका शिक्षकापुढे बसतात. कागदावर मात्र हे प्रमाण २९ ला १ असे, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मधील ३० च्या आतलेच, दिसते. राज्याची किंवा जिल्ह्याची सरासरी समाधानकारक असूनही शाळेत शिक्षक अपुरे का वाटतात, याचे उत्तर बरेचसे इथे आहे. म्हणून दोन पटगटांच्या सीमेवरची तीन-चार मुले गावात फार मोलाची असतात. जून महिन्यातली दाखलपात्र मुलांसाठीची घरोघर फिरती काही अंशी पद वाचवण्यासाठीही असते.

तारखेचाही प्रश्न आहे. ऊसतोडीची स्थलांतरे साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे पट मोजून झाल्यावर, सुरू होतात. बीडसारख्या जिल्ह्यात पटावरची बरीच मुले हिवाळ्यात वर्गात नसतात. कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत ती आली, तर त्यांच्यासाठी पद नसते.

पटपडताळणी : ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी शाळांचा पट प्रत्यक्ष मोजण्यात आला. तत्पूर्वी नांदेड जिल्ह्यात अशी मोहीम झाली होती. एका मुलाची दोन शाळांत मोजणी होऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली गेली. अनेक शाळांत उपस्थिती पटाच्या निम्म्याहूनही कमी भरली. अशा शाळांवरील कारवाई पुढे न्यायालयात गेली. बोगस पटाचा भार अनुदानावर व शिक्षकपदांवर किती पडला, याचे अंदाज एकसारखे नाहीत. नंतरची विद्यार्थीनिहाय ऑनलाइन नोंद या मोहिमेशिवाय समजत नाही.

राज्याचे निर्णय : २८ ऑगस्ट २०१५ च्या शासन निर्णयाने कायद्यानुसार निकष लावले. पूर्वी प्राथमिकची रचना पहिली ते चौथी व पाचवी ते सातवी अशी होती. ती पहिली ते पाचवी व सहावी ते आठवी अशी होताना पाचवी व आठवीचे वर्ग कोणी चालवायचे, यावरून जिल्हा परिषदा व खासगी माध्यमिक शाळा यांच्यात ओढाताण झाली, कारण वर्गाबरोबर पदही जाते. १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने निकष पुन्हा बदलले. वीसपर्यंत पटाच्या शाळांना त्याचा फटका बसल्याचा संघटनांचा आक्षेप आहे. कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्याच्या त्या वर्षीच्या निर्णयालाही विरोध झाला आणि २५ सप्टेंबर २०२४ रोजी शिक्षकांनी सामूहिक रजा घेतली. २०२३ मध्ये पानशेत (पुणे) व तोरणमाळ (नंदुरबार) येथील नमुन्यावर, कमी पटाच्या शाळा एकत्र आणणाऱ्या समूहशाळांची कल्पना मांडली गेली होती. वाडीवस्तीवरच्या मुलांच्या प्रवासाचे काय, हा त्यावरचा मुख्य आक्षेप.

मंजूर पद म्हणजे हजर शिक्षक नव्हे. कायद्याने रिक्त पदे दहा टक्क्यांच्या वर नसावीत. भरती पवित्र पोर्टलमार्फत होते. बदल्या आधी २७ फेब्रुवारी २०१७ च्या व पुढे ७ एप्रिल २०२१ च्या धोरणाने झाल्या. ‘अवघड क्षेत्र’ जाहीर करून तेथील सेवेला बदलीत प्राधान्य दिले, तरी डोंगरी व आदिवासी तालुक्यांत जागा रिकाम्या राहण्याची तक्रार जुनीच आहे. तिथे शेजारच्या शाळेतला शिक्षक ‘कामगिरीवर’ पाठवतात. त्याचा पगार व पद मूळ शाळेतच राहते. जनगणना, निवडणूक व आपत्ती निवारण यांखेरीज शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये, असे याच कायद्याचे कलम २७ सांगते.

पूर्वपीठिका : पंतोजींच्या शाळेत मोठी मुले लहानांना शिकवीत. मद्रासमध्ये असेच पाहून अँड्र्यू बेलने ही पद्धत इंग्लंडात रुजवली. एकशिक्षकी शाळांना दुसरा शिक्षक देण्याची केंद्र सरकारची ‘खडू-फळा’ योजना १९८७ ची.

अध्ययनावरील परिणाम : अमेरिकेतील टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात झालेल्या प्रयोगात १३ ते १७ मुलांचे वर्ग २२ ते २५ मुलांच्या वर्गांपेक्षा सरस ठरले.

गोवा : केंद्रीय कायदा लागू. कमी पटाच्या सरकारी मराठी व कोंकणी प्राथमिक शाळांचे विलीनीकरण हा तिथला वादविषय.